नेच्याचे जनुक आणि कपाशीचे पान

लखनौ शहरात राणा प्रताप मार्गावर, नवाब वाजिद अली शाह यांच्या काळातील सिकंदर बागेच्या परिसरात राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था उभी आहे. १८५७ च्या नोव्हेंबर महिन्यात या बागेत घनघोर लढाई झाली होती. स्वातंत्र्यानंतर येथील वनस्पती उद्यान १९५३ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि १९७८ मध्ये संस्थेला सध्याचे नाव मिळाले. भटनागर पुरस्काराचे मानकरी, प्रकाशसंश्लेषणाचे अभ्यासक डॉ. प्रफुल्लचंद्र विष्णू साने यांनी या संस्थेचे संचालकपद भूषविले होते, हे मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. उद्यानाला भेट देणारे लखनौकर तेथील गुलाब, निवडुंग आणि नेच्यांची दालने पाहून परततात. याच संस्थेतील संशोधकांनी एका नेच्यातील जनुक कपाशीत घालून पांढऱ्या माशीला रोखणारी कपाशी तयार केली आणि २०१६ मध्ये त्यासंबंधीचा शोधनिबंध ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

लखनौच्या प्रयोगशाळेतील हे काम विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादकाला दूरचे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात गेल्या दोन दशकांतील त्याच्या नफ्यातोट्याचा मोठा भाग ज्या प्रश्नाशी निगडित आहे, त्याच प्रश्नाशी हे काम संबंधित आहे. पिकात एखादे जनुक असणे ही एक बाब आहे. ते जनुक योग्य वेळी, योग्य अवयवात आणि पुरेशा प्रमाणात कार्य करणे ही अगदी वेगळी बाब आहे. या दुसऱ्या बाबीला रेणवीय आनुवंशिकीत ‘जनुकाची अभिव्यक्ती’ असे म्हणतात. बियाण्याच्या पाकिटावर पहिल्या बाबीची नोंद असते. शेतकऱ्याच्या पदरात मात्र दुसरी बाब पडते.

तरतूद, आदेश आणि प्रत्यक्ष काम

सजीवाच्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा अतिशय लांब रेणू असतो. त्याची लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे. या लिपीत लिहिलेला, एखादे प्रथिन कसे तयार करावे हे सांगणारा मजकूर म्हणजे जनुक होय. मूळ मजकूर पेशीकेंद्राबाहेर जात नाही. त्याची एक नक्कल आरएनए या दुसऱ्या रेणूच्या रूपाने तयार होते. या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात. ही नक्कल पेशीकेंद्राबाहेर रायबोसोम नामक यंत्रणेकडे जाते. तेथे तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द वाचला जातो व प्रत्येक शब्दागणिक एक अमिनो आम्ल साखळीत जोडले जाते. पूर्ण झालेली आणि योग्य घडी पडलेली साखळी म्हणजे प्रथिन. फ्रान्सिस क्रिक यांनी १९५८ मध्ये माहितीच्या या प्रवाहाची मांडणी केली आणि पुढील दहा वर्षांत तीन अक्षरी शब्दकोश पूर्णपणे उलगडला. चार अक्षरांपासून चौसष्ट शब्द बनतात. त्यांपैकी तीन शब्द ‘येथे थांबा’ असे सांगतात आणि उरलेले एकसष्ट शब्द केवळ वीस अमिनो आम्लांसाठी वापरले जातात. अर्थात एकाच अमिनो आम्लासाठी अनेक पर्यायी शब्द उपलब्ध असतात. ही बाब वरकरणी किरकोळ वाटते, परंतु तिचे आर्थिक महत्त्व पुढे दिसून येईल.

विकासाच्या अभ्यासकाला परिचित अशी उपमा द्यायची तर जनुक म्हणजे अंदाजपत्रकातील तरतूद, आरएनए म्हणजे निघालेला शासकीय आदेश आणि प्रथिन म्हणजे गावात प्रत्यक्ष बांधला गेलेला बंधारा. तरतूद असूनही आदेश निघत नाही, किंवा आदेश निघूनही काम होत नाही, याची उदाहरणे वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. पेशीतही असेच घडते. मात्र तेथे काम न होणे हा बहुधा दोष नसतो. कपाशीच्या मुळाच्या पेशीत आणि पानाच्या पेशीत जनुकांचा संच सारखाच असतो. तरीही प्रकाशसंश्लेषणाची जनुके पानात जागी आणि मुळात निद्रिस्त असतात. किंबहुना ज्याला आपण कापूस म्हणतो तो प्रत्येक धागा म्हणजे सरकीच्या आवरणावरील एकच लांबलेली पेशी असते. फूल उमलण्याच्या सुमारास ती वाढू लागते, काही आठवडे लांबत जाते आणि मग तिच्यात सेल्युलोजचे थर साचतात. कापसाच्या धाग्याची लांबी व मजबुती, म्हणजेच बाजारातील त्याचा भाव, हाही ठराविक दिवशी ठराविक जनुके जागी होण्याचाच परिणाम आहे.

कोणते जनुक केव्हा जागे व्हावे हे कोण ठरविते? याचे पहिले समाधानकारक उत्तर पॅरिसमधील फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये एका साध्या जीवाणूच्या अभ्यासातून दिले. त्याबद्दल त्यांना १९६५ मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. जनुकाच्या अलीकडे डीएनएचा एक नियामक भाग असतो. त्याला प्रवर्तक म्हणतात. प्रवर्तकावर विशिष्ट प्रथिने येऊन बसली की प्रतिलेखन सुरू होते, किंवा थांबते. काही प्रवर्तक सदासर्वदा चालू असतात, काही केवळ एका अवयवात चालतात, तर काही उष्णता, जखम किंवा एखादे रसायन यांना प्रतिसाद देतात. प्रवर्तक बदलला की तेच जनुक निराळ्या जागी, निराळ्या वेळी आणि निराळ्या प्रमाणात व्यक्त होते.

शब्द तोच, हिज्जे वेगळे

बीटी कपाशीतील मूळ जनुक ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जमिनीतील जीवाणूचे आहे. ते जसेच्या तसे वनस्पतीत घातले असता जेमतेम व्यक्त होत असे. जीवाणूच्या लेखनात ज्या पर्यायी शब्दांचा भरणा असतो ते वनस्पतीच्या सवयीचे नसतात. त्यातील काही अक्षरसमूहांना वनस्पतीची यंत्रणा मजकूर संपल्याची खूण समजते आणि आदेश अर्धवटच तोडते. अमेरिकेतील मोन्सॅन्टो कंपनीच्या संशोधकांनी १९९१ मध्ये प्रथिनाचा अर्थ तोच ठेवून जनुकाचे हिज्जे वनस्पतीच्या सवयीप्रमाणे बदलले. त्यामुळे प्रथिनाचे प्रमाण शंभर पटींपर्यंत वाढल्याचे त्यांनी दाखवून दिले. जगभरातील बीटी पिकांचा व्यापार या हिज्जेबदलावर उभा राहिला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. निसर्गात सापडलेल्या जनुकापेक्षा त्याची अभिव्यक्ती घडवून आणण्याची विद्या अधिक मोलाची ठरली आणि स्वामित्वहक्काचे संरक्षणही मुख्यत्वे याच विद्येला मिळाले.

लखनौच्या संस्थेने ही विद्या स्वतंत्रपणे आत्मसात केली, हे तिच्या कार्याचे वैशिष्ट्य होय. डॉ. राकेश तुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, वनस्पतीत भरपूर प्रमाणात व्यक्त होणाऱ्या जनुकांच्या आसपास कोणते अक्षरक्रम पुन्हा पुन्हा आढळतात याचा अभ्यास केला आणि त्या आधारे एक कृत्रिम प्रवर्तक रचला. त्यानंतर दोन बीटी प्रथिनांचे भाग जोडून त्यांनी एक संकरित प्रथिन तयार केले. तंबाखू, कपाशी, भुईमूग अशा अनेक पिकांची पाने फस्त करणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीवर ते परिणामकारक असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविण्यात आले. पुढे भुईमुगात हेच जनुक, सॅलिसिलिक आम्लाचा संदेश मिळताच जागा होणाऱ्या प्रवर्तकाच्या आधीन ठेवूनही पाहण्यात आले. वनस्पतीवर हल्ला झाला की तिच्यात या आम्लाचे प्रमाण वाढते. हल्ला होईल तेव्हाच शस्त्र काढावे, एरवी त्यावर ऊर्जा खर्च करू नये, हा त्यामागील विचार. हा विचार अर्थशास्त्रीय दृष्टीनेही काटकसरीचा आहे.

बीटी प्रथिनाची एक मर्यादा मात्र कितीही अभिव्यक्ती वाढवून दूर होणारी नव्हती. ही प्रथिने पाने-बोंडे कुरतडणाऱ्या अळ्यांच्या आतड्यावर परिणाम करतात; मावा, तुडतुडे, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडींवर नाही. २०१५ च्या खरिपात पंजाबमध्ये पांढऱ्या माशीने कपाशीच्या पिकाची धूळधाण केली. शेतकरी रेल्वेमार्गावर उतरले. ती सारी कपाशी बीटीच होती. पांढरी माशी रस शोषते आणि त्याचबरोबर पाने मुरडणारा विषाणूजन्य रोगही पसरविते. वारंवार फवारणी करूनही ती आटोक्यात आली नाही.

या पार्श्वभूमीवर डॉ. प्रद्युम्न कुमार सिंह आणि सहकाऱ्यांचे २०१६ मधील काम पाहावे लागेल. कीड सहसा नेच्यांच्या वाटेस जात नाही, या सर्वपरिचित निरीक्षणाचा त्यांनी उपयोग केला. ‘टेक्टारिया मॅक्रोडोन्टा’ या खाण्यायोग्य नेच्यातून त्यांनी एक प्रथिन वेगळे केले आणि त्याला ‘टीएमए-१२’ असे नाव दिले. प्रयोगशाळेत एक मिलिलिटर खाद्यात १.४९ मायक्रोग्रॅम एवढे प्रथिन मिसळले असता पांढऱ्या माशीपैकी निम्म्या माशा मेल्या. त्याहून कमी मात्रेत त्यांच्या जीवनचक्रात अडथळा आला. त्यानंतर हे जनुक कपाशीत घालण्यात आले. पानातील विद्राव्य प्रथिनांपैकी सुमारे ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजारांत एक भाग, इतकीच त्याची अभिव्यक्ती होती. तरीही बंदिस्त क्षेत्रचाचण्यांत या वाणांनी पांढऱ्या माशीस दाद दिली नाही, विषाणूरोगापासूनही त्यांचा बचाव झाला आणि उत्पादनात घट आढळली नाही. हे प्रथिन खाऊ घातलेल्या उंदरांमध्ये अनिष्ट बदल दिसून आले नाहीत. दहा हजारांत एक हा आकडा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. अभिव्यक्ती ‘अधिक’ असण्यापेक्षा किडीच्या तोंडी लागणाऱ्या जागी ‘पुरेशी’ असणे महत्त्वाचे, हे त्यावरून स्पष्ट होते.

एकशे दहावा दिवस

पुरेशी अभिव्यक्ती किती काळ टिकते, हा प्रश्न महाराष्ट्राला फार महाग पडला आहे. भारतात बीटी कपाशीच्या व्यापारी लागवडीस मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. पहिले तीन संकरित वाण जालन्याच्या महिको कंपनीचे होते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील डॉ. केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी बाजारातील आठ बीटी संकरित वाणांतील प्रथिनाचे प्रत्यक्ष मोजमाप करून २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. प्रथिनाचे प्रमाण सर्वांत अधिक पानांत होते. त्याखालोखाल पात्या, बोंडे व फुले. फुलातील बीजकोश आणि हिरव्या बोंडाची साल, म्हणजे बोंडअळीला प्रिय असलेल्या नेमक्या त्याच जागा, येथे ते सर्वांत कमी होते. पिकाचे वय वाढेल तसे प्रमाण घटत गेले. पेरणीनंतर ११० दिवसांनी ते ग्रॅममागे १.९ मायक्रोग्रॅम या निर्णायक पातळीच्या खाली उतरले. वाणावाणांतही फरक होता. जनुक सर्व आठ वाणांत एकच होते. शेतकऱ्याने विकत घेतलेले संरक्षण मात्र एकसारखे नव्हते.

या निष्कर्षांना आणखी एका गोष्टीची जोड द्यावयास हवी. तीव्र उष्णता, पाण्याचा ताण आणि नत्राची कमतरता यांमुळे पानांतील बीटी प्रथिन घटते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. प्रथिन तयार करण्यास नत्र लागते. भुकेले झाड प्रथम काटकसर करते. महाराष्ट्रातील बहुतांश कपाशी कोरडवाहू आहे. हलक्या जमिनीवर, पावसाचा खंड पडलेल्या वर्षी, खताचा दुसरा हप्ता देऊ न शकलेल्या शेतकऱ्याला बागायतदाराइतकीच किंमत मोजून कमी संरक्षण मिळते. बियाण्याच्या किमतीवर चर्चा करताना हा विषम लाभ सहसा हिशेबात धरला जात नाही.

किमतीचा वाद स्वतंत्रपणे सांगण्यासारखा आहे, पण येथे तो थोडक्यात पुरे. २०१५ च्या आदेशाने केंद्र सरकारने बीटी बियाण्याच्या किमतीवर नियंत्रण आणले. २०१६ च्या हंगामासाठी ४५० ग्रॅमच्या बीजी-२ पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये आणि त्यातील जनुकाचे स्वामित्वमूल्य ४९ रुपये ठरले. २०२० पासून हे स्वामित्वमूल्य शून्य करण्यात आले. किडीने जनुकावर मात केल्यानंतर त्याचे मूल्य उरत नाही, हे बाजाराला कळण्यास बराच काळ लागला.

मात कशी झाली, याचे उत्तरही रेणवीय आनुवंशिकीत आहे. सर्व अळ्या मारण्याइतकी मात्रा असेल तर प्रतिकारक्षम अळ्या फारच थोड्या उरतात. मात्रा अपुरी असेल तर कमकुवत मरतात, कणखर उरतात आणि पुढील पिढी त्यांचीच होते. हंगाम लांबला, कपाशी जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत शेतात राहिली, की घटत्या मात्रेवर वाढणाऱ्या अळ्यांची जणू शाळाच भरते. त्यात भारताने जवळजवळ संपूर्णपणे संकरित वाणांचा मार्ग पत्करला. संकरित झाडात बीटी जनुक आई-वडिलांपैकी एकाच बाजूने आलेले असेल, तर त्याच्या बोंडातील सरक्यांमध्ये मेंडेलच्या नियमाप्रमाणे फाटाफूट होते. एका जनुकाच्या बाबतीत चारपैकी एका सरकीत ते नसते. बीजी-२ मधील दोन जनुके स्वतंत्रपणे वाटली गेल्यास सोळापैकी नऊ सरक्यांत दोन्ही, सहांत कोणते तरी एक आणि एकीत एकही नसते. गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीवर जगते. एकाच बोंडात विषयुक्त आणि विषरहित दाणे शेजारी-शेजारी असल्याने तिला सोयीस्कर मात्रेत जुळवून घेण्याची संधी मिळते. येथे एक शंका रास्त ठरेल. चीनमध्ये दुसऱ्या पिढीच्या संकरित बियाण्यात काही झाडे बीटीविरहित निघाल्यामुळे गुलाबी बोंडअळीची प्रतिकारक्षमता लांबणीवर पडली, असे २०१७ मधील एका अभ्यासात दिसले. पण तेथे मिश्रण झाडाझाडांत होते आणि बीटीविरहित झाडे किडीला आश्रय देत होती. एकाच बोंडातील मिश्रणाचा परिणाम तसा होत नाही.

आश्रयासाठी भारतातही प्रत्येक पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे. ते फारसे कोणी पेरले नाही. पाच एकरांच्या धन्याला आपल्या बांधावर किडीसाठी पीक राखून ठेवण्याचा सल्ला द्यायचा आणि त्याची भरपाई कोणी करायची नाही, या व्यवस्थेत शेतकऱ्याचे वर्तन अनाकलनीय मानता येत नाही. लाभ सर्वांचा आणि खर्च एकट्याचा असल्यावर दुसरे काय घडणार?

परिणाम सर्वज्ञात आहेत. बीजी-१ ला गुलाबी बोंडअळी दाद देत नसल्याची कबुली गुजरातमधील निरीक्षणांच्या आधारे २०१० मध्ये देण्यात आली. २००६ मध्ये आलेल्या बीजी-२ विरुद्धची प्रतिकारक्षमता २०१५ पर्यंत स्पष्ट झाली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीचा व्यापक प्रादुर्भाव झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बीटीने ज्या फवारण्यांपासून सुटका करण्याचे आश्वासन दिले होते, त्या निराळ्या किडींच्या निमित्ताने परत आल्या होत्या.

पाकिटावर काय लिहावे

सध्याच्या व्यवस्थेत बियाण्यात बीटी प्रथिन आहे किंवा नाही, याची तपासणी होते. नागपूरच्या संस्थेने त्यासाठी शेतावरही वापरता येतील असे चाचणी संच विकसित केले आणि बनावट बियाणे ओळखण्यास त्यांचा चांगला उपयोग झाला. परंतु पट्टीवर रेषा उमटली म्हणजे प्रथिन आहे, एवढेच कळते. ते नव्वदाव्या किंवा एकशे दहाव्या दिवशी बोंडाच्या सालीत किती असेल, हे कळत नाही. उगवणशक्ती आणि शुद्धता यांची टक्केवारी छापण्याचे बंधन असेल, तर वाणनिहाय व अवयवनिहाय अभिव्यक्तीचे आकडे प्रसिद्ध करण्यास तांत्रिक अडचण दिसत नाही. २००५ मध्ये आठ वाणांसाठी ते मोजले गेलेच होते. पुढे शेकडो वाण बाजारात आले. त्या प्रत्येकाची अशी सार्वजनिक नोंद असती तर कोरडवाहू शेतकऱ्याला कमी मुदतीचा आणि अखेरपर्यंत मात्रा टिकविणारा वाण निवडता आला असता.

नेच्याच्या जनुकाची कपाशी अद्याप शेतकऱ्याच्या हाती आलेली नाही. प्रयोगशाळेतील यशानंतर जैवसुरक्षा चाचण्या, राज्यांची अनुमती आणि पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतील जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची छाननी असा दीर्घ मार्ग आहे. या मार्गावर सार्वजनिक संस्था कशा अडखळतात, हे ‘बिकानेरी नर्मा’ या सरकारी बीटी वाणाने दाखविले. २००९ मध्ये तो बाजारात आला आणि त्यात खासगी कंपनीच्या जनुकसंचाचा अंश आढळल्याने लवकरच मागे घ्यावा लागला. लखनौच्या संस्थेने २०२५ मध्ये गुलाबी बोंडअळीस प्रतिकार करणारी नवी कपाशी जाहीर केली असून तिच्या चाचण्यांसाठी नागपूरच्या अंकुर सीड्स या कंपनीशी सहकार्य केले आहे. जनुक लखनौचे आणि परीक्षाभूमी विदर्भाची, असा हा योग आहे. या चाचण्यांचे निष्कर्ष हाती येतील तेव्हा एकरी उत्पादनाच्या सरासरीबरोबर आणखी काही आकडे मागावे लागतील: काळ्या भारी जमिनीवर आणि मुरमाड उतारावर प्रथिनाचे प्रमाण किती होते, पावसाच्या खंडानंतर ते किती उतरले, बोंडातील किती सरक्यांत ते मुळीच नव्हते आणि एकशे दहाव्या दिवशी हिरव्या बोंडाच्या सालीत किती उरले होते.